बांडगूळ खरंच फुकट खातं का?

प्रश्न असा आला आहे: ‘दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्याला आपण बांडगूळ म्हणतो. पण मुलीच्या शाळेच्या पुस्तकात बांडगूळ अर्धपरजीवी आणि अमरवेल संपूर्ण परजीवी असं दिलंय. मग आपला वाक्प्रचार चुकीचा का? परपोषी आणि परजीवी एकच का? आणि अनेकवचन बांडगूळे की बांडगुळे?’

आधी परपोषी. ज्याला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही तो परपोषी. वाघ, गाय, अळंबी, तुम्ही-आम्ही सगळे त्यात आलो. परजीवी हा त्यातला एक प्रकार: जिवंत यजमानाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याकडून पोषण घेणारा. कुजक्या लाकडावरची अळंबी परपोषी आहे, पण ती मेलेल्यावर जगते, म्हणून मृतोपजीवी. थोडक्यात, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

गुंता होतो तो ‘अन्न’ या शब्दामुळे. झाड मुळांनी मातीतून अन्न घेतं, असं आपण सहज बोलून जातो. पण मुळं घेतात ते पाणी आणि क्षार, आणि त्यांतून झाडाला ऊर्जा मिळत नाही. ऊर्जा येते उन्हातून. हिरवं पान ती साखरेत बांधून ठेवतं आणि पुढची सगळी अन्नसाखळी त्या साखरेवर चालते. प्रत्येक पायरीला गळतीही मोठी असते. गवतात साठलेल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने 10 टक्केच नाकतोड्याच्या अंगी लागते, नाकतोड्यातली तितकीच बेडकाच्या. (‘अंगी लागणे’ हा आपला वाक्प्रचार इथे किती नेमका बसतो पाहा. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, हे आपल्या भाषेला आधीपासून ठाऊक आहे.)

आता आंब्यावरचं बांडगूळ जवळून पाहा. पानं जाड आणि चांगली हिरवी, फुलं नळीसारखी. फुलटोच्या हा चिमुकला पक्षी त्याची फळं खातो. बी इतकं चिकट असतं की ते फांदीला पुसूनच त्याला सुटका करून घ्यावी लागते. ते बी तिथेच रुजतं आणि त्याची शोषक मुळं सालीतून थेट लाकडात शिरतात. आंब्याचं पाणी आणि क्षार ते ओढून घेतं, पण साखर मुख्यतः आपल्याच पानांत बनवतं. म्हणून अर्धपरजीवी. आंब्याचं नुकसान होतंच. बांडगुळाच्या पुढची फांदी वाळते, म्हणूनच बागायतदार ते गाठीच्या खालून फांदीसकट तोडतात.

अमरवेलीचं तसं नाही. पिवळे दोरे, पानं जवळजवळ नाहीतच. यजमानाला विळखा बसला की तिचं जमिनीतलं मूळ मरून जातं, आणि मग पाण्यापासून साखरेपर्यंत सगळं त्याच्याकडूनच. काटेकोर बोलायचं तर फुकट्याला अमरवेल म्हणायला हवं होतं. पण तिच्या नावात ‘अमर’ आहे, त्या शब्दाची शिवी होणं अवघडच होतं.

खरी गंमत चंदनाची. आपल्या भाषेत दुसऱ्यासाठी झिजण्याचं प्रतीक म्हणजे चंदन, आणि ते झाडही अर्धपरजीवीच आहे! त्याची मुळं जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्याकडून पाणी, क्षार घेतात. चंदनाची लागवड करणारे शेजारी तूर मुद्दाम लावतात ती याचसाठी. वनस्पतिशास्त्रात चंदन आणि बांडगूळ एकाच गणात येतात. एकाचं शोषण डोळ्यांसमोर फांदीवर चालतं, दुसऱ्याचं मातीआड. माझ्या मते एकाला शिवी आणि दुसऱ्याला मान मिळण्यात या दिसण्या-न दिसण्याचा मोठा वाटा आहे.

संस्कृतात बांडगुळाला वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर वाढणारी, अशी दोन्ही नावं आहेत. मराठी बोलण्यात मात्र झाडावर जे जे उगवेल ते बांडगूळच. त्याचा फटका सीतेच्या वेणीसारख्या आमरींना (ऑर्किडना) बसतो. आमरी झाडावर फक्त बसते. तिची पांढुरकी मुळं सालीला धरून किंवा हवेत लोंबत असतात, लाकडात शिरत नाहीत. ती पावसातून आणि हवेतल्या दमटपणातून पाणी घेते, साखर स्वतः बनवते. तिला अपिवनस्पती म्हणावं. झाडं साफ करताना बांडगूळ समजून ती ओरबाडली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

तेव्हा वाक्प्रचार खुशाल वापरा, तो चुकीचा नाही. माणसाबद्दल बोलताना कुणी साखरेचा हिशेब मांडत नाही. विज्ञानावर लिहिताना मात्र अर्धपरजीवी हाच शब्द ठेवा.

राहिलं अनेकवचन. बांडगूळ नपुंसकलिंगी, ते बांडगूळ. उपान्त्य ऊ दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो: बांडगुळे, बांडगुळाला, बांडगुळांची. फूल-फुले, मूल-मुले यांच्याप्रमाणेच. ‘बांडगूळे’ चूक.