गिअर कुठे घसरतो ते आधी बघा

प्रश्न : मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहे. मुलगी यंदा दहावीत गेली. नववीला गणितात ७१, विज्ञानात ७८. तिच्या मामाने दुबईहून जुना लेगो टेक्निकचा (गिअर-दांडे जोडून यंत्रं करायच्या खेळण्याचा) डबा आणि पॉवर फंक्शन्सचा रिमोट-मोटर सेट आणून दिलाय. त्याचा तिने चारही चाकांना ओढ असलेला ट्रक केलाय. फरशीवर झक्कास पळतो. पाट तिरका लावून चढवायला गेलं की कट-कट आवाज येतो आणि गाडी थांबते, गच्चीवर नेली तर रिमोटच लागत नाही. ती रात्री अकरापर्यंत उघड-झाक करत बसते. रोबोटिक्सचा एक क्लास ४५ हजार मागतोय. यात करिअर आहे का? अकरावी सायन्स घ्यावं की डिप्लोमा? तिची आई म्हणते, दहावी होईपर्यंत डबा कुलपात ठेवा.

उत्तर : दादा, ट्रकापासूनच सुरुवात करतो. करिअरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या कट-कट आवाजात आहे.

चढावर गाडी थांबली म्हणजे मोटर कमी पडली, असं घरातल्या सगळ्यांना वाटतं. मोटर कमी पडली तर ती घूं करून गप्प होते. कट-कट होते तेव्हा मोटर फिरत असते आणि दातावरून दात उडी मारत असतो. याची कारणं सहसा दोन. डब्यात पांढरा २४ दातांचा एक गिअर असतो, त्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटिमीटर असं छापलेलं असतं, ते टॉर्कचं म्हणजे फिरवण्याच्या ताकदीचं माप. हा क्लच गिअर आहे. ठरलेल्या लोडपलीकडे त्याने घसरावं म्हणूनच तो केलेला असतो. स्टिअरिंगच्या टोकाला मोटर अडकून जळू नये म्हणून तो चांगला, पण मुलांच्या हातून नकळत ओढीच्या लाइनीत बसतो. आधी तो बसलाय का बघा. नसेल तर दुसरं कारण : जिथे दांडा ९० अंशात वळतो तिथले १२ आणि २० दातांचे बेव्हल गिअर लोड आला की एकमेकांना दूर ढकलतात. गिअरच्या एकाच बाजूला आधार असला की चौकट वाकते, अर्धा मिलिमीटर फट पडते आणि दात सुटतो. त्यासाठी लेगोची ५×७ भोकांची बंद चौकट वापरायची, दोन्ही दांड्यांना गिअरच्या दोन्ही अंगांनी आधार द्यायचा आणि मागे बुश लावायचा. बुश फार दाबून बसवला तर दांडा जड फिरतो. कागदाच्या जाडीएवढा प्ले, म्हणजे मोकळीक, ठेवायचा. लेथवर बेअरिंग बसवताना तुम्ही जे बघता तेच इथे बघायचं.

आता कट-कट थांबली तरी गाडी चढेलच असं नाही. हे तिला पाटावर गाडी लावायच्या आधी कागदावर काढायला सांगा. ट्रक बॅटरीसकट १.२ किलोचा आणि पाट ३० अंशाचा धरू. मागे खेचणारं बल १.२ × ९.८ × ०.५, म्हणजे सुमारे ५.९ न्यूटन. टायर ६२.४ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्रिज्या ३.१ सेंटिमीटर, म्हणजे चाकांवर मिळून सुमारे १८ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क हवा. या सेटमधल्या एल नावाच्या मोटरचा टॉर्क ९ व्होल्टवर अगदी गुदमरून थांबताना १८ च्या आसपास असतो. १२ दातांनी २० दात फिरवले की १.६७ पट होतो, घर्षणात ३० टक्के गेले असं धरलं तर उरतात २१. कागदावर गाडी चढली! पण बॅटरी बॉक्समध्ये तुम्ही चार्जेबल सेल घातले असतील. सहा अल्कलाइन सेल ९ व्होल्ट देतात, सहा चार्जेबल ७.२. टॉर्क त्याच प्रमाणात उतरतो आणि २१ चे १७ होतात. लागतात १८. गाडी पाटावर का थांबते ते इथे दिसतं.

शिवाय मोटरला तिच्या थांबण्याच्या टॉर्कच्या एक तृतीयांशापेक्षा फार जास्त राबवू नये. तापते, बॅटरी बॉक्समधलं संरक्षण वीज तोडतं आणि मग ‘दोन मिनिटं बंद पडते, परत आपोआप चालू होते’ असा चक्रावून टाकणारा प्रकार होतो. म्हणून एकूण पाच पट रिडक्शन, म्हणजे वेग घटवून ताकद वाढवणं, घ्यायचं : मोटरजवळ ८ दातांवरून २४ आणि शेवटी १२ वरून २०. ८ दातांचा पिनियन, म्हणजे छोटा गिअर, सगळ्यात नाजूक, तो लोड कमी असतो तिथेच, म्हणजे मोटरपाशी ठेवायचा. याच्या उलट, लांब दांड्याच्या आधीच सगळं रिडक्शन उरकलं तर प्लस आकाराचा ॲक्सल पिळतो, कधी कायमचा. वेग किती राहील? ही मोटर ९ व्होल्टवर रिकामी मिनिटाला ३९० च्या आसपास फेरे घेते. ७.२ व्होल्टवर आणि लोडखाली २०८ धरा. भागिले पाच, साधारण ४२ फेरे, एका फेऱ्याला १९.६ सेंटिमीटर : सेकंदाला जेमतेम १४ सेंटिमीटर. तिला हे हळू वाटेल. वाटू दे. तेवढ्याच ताकदीत वेग आणि चढ दोन्ही मागितले तर मिळत नाहीत, हे तिला पाटावरच कळलेलं बरं.

गिअर कुठल्या भोकात बसतील याचं तिला पाठांतर नको. लेगोची दोन भोकं ८ मिलिमीटर अंतरावर असतात आणि साध्या गिअरचा पिच व्यास (दात दाताला भिडतो तिथला) मिलिमीटरमध्ये त्याच्या दातांइतका असतो. तुमच्या भाषेत मॉड्यूल १. म्हणून ८ आणि २४ ची बेरीज ३२, निम्मे १६, दोन भोकं. ८ आणि ४० चे २४, तीन भोकं. वर्कशॉपमध्ये गिअर कापताना जे सूत्र लागतं तेच हे आहे. एका रविवारी व्हर्निअर घरी आणा आणि तिला दाखवा, दहा मिनिटांचं काम आहे.

गच्चीवर रिमोट न लागण्याचं कारण वेगळं. तो टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेडवर चालतो आणि भर उन्हात ऊनच त्या रिसीव्हरला आंधळं करतं. संध्याकाळी लागेल. २०१९ पासून आलेल्या लेगोच्या कंट्रोल प्लस या नव्या मोटर-संचाच्या हबमध्ये ब्लूटूथ आहे, तिथे ही अडचण नाही. पण त्यासाठी नवा महागडा सेट घेऊ नका, पुढे दुसरा उपाय सांगतो.

आता मूळ प्रश्न. लेगोची मॉडेलं करणं ही नोकरी म्हणून धरू नका. डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या कंपनीत डिझायनर असतात खरे, पण त्या जागा जगभरातून भरल्या जातात आणि मोजक्या असतात. डब्यातून मुलीबद्दल काय कळतं ते बघा. किती मॉडेलं केली, किती भारी केली, याने फारसं कळत नाही. पुस्तिका बघून कोणीही क्रेन उभी करतं. मॉडेल बिघडल्यावर ती कुठल्या बिघाडामागे लागते ते एक-दोन महिने टिपून ठेवा.

कट-कट ऐकल्यावर ती चौकट उघडते, आधार बदलते, परत लोड देते, आणि त्यात तास गेला तरी कंटाळत नाही, असं असेल तर ती मेकॅनिकलची आहे. रिमोटचं कोणतं बटण कुठली मोटर फिरवतं, वायर उलटी का, एकाच वेळी दोन मोटरी चालवल्या की वेग का उतरतो, यात रमत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅट्रॉनिक्स (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही). गाडी चालते आहे, तरी बोनेटची रेघ जमत नाही म्हणून ती पुन्हा मोडते का? मग प्रॉडक्ट डिझाइनचा विचार करा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागासारख्या ठिकाणी बी.डेस. या डिझाइनच्या पदवीला बारावीनंतर यूसीड परीक्षेतून प्रवेश मिळतो आणि तिला कोणतीही शाखा चालते. बिघडलं की डबा बंद करून नवीन मॉडेलला हात घालत असेल तर तो छान छंद आहे. त्यावर ४५ हजार घालू नका.

तुमच्या पत्रावरून तिसरी नाही, पहिली किंवा दुसरी दिसते. त्यातली कुठली, ते ठरवायला हा पुढचा प्रयोग द्या. दुसरा उपाय म्हणालो तो हाच. रिमोट-रिसीव्हर बाजूला ठेवायचा आणि गाडीचा मेंदू तिने स्वतः जोडायचा. ईएसपी३२ हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, त्यात ब्लूटूथ असतंच. बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला वीज देणारा टीबी६६१२ मोटर ड्रायव्हर. दुकानात बहुतेक एल२९८ हातात देतील, पण तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि तापतो, छोट्या गाडीला नको. एन२० या छोट्या गिअर मोटर दोन. एक साधा मल्टिमीटर. हे सगळं पाच हजारांच्या आत बसतं. बॅटरीला तेच सहा चार्जेबल सेल वापरा. सुटे लिथियम सेल संरक्षण सर्किटशिवाय लहान हातात देऊ नका, शॉर्ट झाले तर पेट घेतात.

इथे हमखास दोन घोटाळे होतात. बोर्डाची आणि ड्रायव्हरची ग्राउंड वायर जोडायची राहते, मग मोटर वेडीवाकडी वागते. आणि मोटर सुरू झाली की बोर्ड रीसेट होतो, कारण सुरू होताना मोटर इतका करंट ओढते की व्होल्टेज कोसळतं. मोटरचा पुरवठा बोर्डाच्या पिनवरून घेतलाय का बघायचं, घेतला असेल तर थेट बॅटरीवरून घ्यायचा आणि त्या लाइनीला मोठा कपॅसिटर (क्षणभर वीज साठवून देणारा) लावायचा. हे दोन घोटाळे तुम्ही सांगू नका. तिला सापडतात का आणि किती वेळात, तेच बघायचं आहे. एन२० चा दांडा लेगोच्या ॲक्सलला बसत नाही, मधला जोड लागतो. तो तुमच्याच लेथवर होईल. परदेशी कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता बाबूराव पेंटरांनी कॅमेरा इथेच करून घेतला, त्या गावात एवढ्याशा कपलिंगसाठी ऑनलाइन ऑर्डर कशाला!

क्लासबद्दल : पैसे भरण्याआधी तिथे एक तास बसा. एका किटवर किती मुलं? किट घरी नेता येतो का? मॉडेल बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, मुलं की सर? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘सर’ असेल तर उठा. शाळेत अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे सरकारी योजनेतली प्रयोगशाळा, असेल तर ती सहावी ते बारावीसाठीच असते, आधी तिथे विचारा. क्लासच्या सर्टिफिकेटने डिप्लोमाच्या किंवा डिग्रीच्या प्रवेशात गुण वाढत नाहीत.

अकरावी की डिप्लोमा? वेळेत फरक नाही. बारावी आणि चार वर्षं मिळून सहा. तीन वर्षांचा डिप्लोमा आणि थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन तीन, तेही सहा. फरक आहे तो शिकण्याच्या पद्धतीत. डिप्लोमाला दहावीच्या गुणांवर प्रवेश, सीईटी नाही, आणि वर्कशॉप पहिल्या वर्षापासून. अकरावी-बारावीची दोन वर्षं मात्र एमएचटी-सीईटीच्या सरावात जातात. तिथे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. आज गणितात ७१ आहेत. ते ८५ पर्यंत जातील असं तिच्या शिक्षकांना वाटत असेल तर अकरावी घ्या. नसेल वाटत तर माझा कौल शासकीय तंत्रनिकेतनाला, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स. एक सावधगिरी : डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं इंजिनिअरिंगच्या गणितात अडखळतात. तीन वर्षं गणित सुटू द्यायचं नाही.

डिप्लोमात आणखी एक वाट आहे, तिचं काम कोल्हापुरात असून कोणी विचारत नाही. लेगोची वीट एबीएस प्लॅस्टिकची, पण खरी करामत तिच्या साच्यात आहे. शतांश मिलिमीटरच्या घरातली अचूकता, म्हणूनच १९५८ च्या पेटंटनंतरच्या विटा आजच्या विटेवर बसतात. असे साचे करणं हा स्वतंत्र धंदा आहे, टूल अँड डाय. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर चार वर्षांचा त्याचा डिप्लोमा आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत फाउंड्री आणि मशिन शॉप किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तिला मायक्रॉनमध्ये रस आहे असं दिसलं तर हे डोक्यात ठेवा.

फीच्या बाबतीत एक गोष्ट लिहून ठेवा. २०२४-२५ पासून राज्यात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक डिग्रीला जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा आणि लागेल तो जातीचा दाखला निकालाची वाट न बघता आत्ताच काढायला टाका. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग असते.

राहिलं वहिनींचं कुलूप. डबा कुलपात नको, पण अर्धवट ट्रक टेबलावर ठेवू नका. अर्धवट काम डोळ्यासमोर असलं की अभ्यासातून हात तिकडे जातोच. ट्रक सोडवा, गिअर दातांप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत लावा. पूर्वपरीक्षेपर्यंत रविवारचे दोन तास, एका बैठकीत संपेल एवढंच काम : एक गिअरबॉक्स, एक स्टिअरिंग. पूर्वपरीक्षेनंतर बोर्ड होईपर्यंत तेही बंद. तेव्हा बॅटरी बॉक्समधले सेल आठवणीने काढून ठेवा. अल्कलाइन राहिले तर गळू शकतात, पत्र्यावर हिरवट थर चढतो आणि मार्चमध्ये ती मोटर खराब झाली समजून सगळं उघडत बसेल.