‘दुखतं का?’ नव्हे, ‘हेच का ते दुखणं?’

फोंड्याकडच्या शाळेतल्या बाई, वय 38. तीन महिने डाव्या कानापुढे ठणका. कान तपासला, ठीक निघाला. मग दाढेवर संशय गेला, रूट कॅनल झालं, ठणका तसाच. त्यात तोंड उघडताना ‘कट्’ वाजू लागला आणि गाठीची धास्ती बसली. “डॉक्टर, एमआरआय करून टाकूया ना?”

आधी बोटांनी तपासणी. वरच्या-खालच्या पुढल्या दातांमध्ये पट्टी धरली: 42 मिलिमीटर, म्हणजे उघडणं ठीक. मग गालाचा स्नायू. दात आवळले की बोटाखाली टणक फुगतो, तो. दात सैल ठेवायला सांगून त्यावर साधारण एक किलोचा दाब, पाच सेकंद. (हा दाब स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर बोट दाबून शिकता येतो.) जोरात दाबलं तर कुणाचंही दुखेल, म्हणून विचारायचं ते असं: “रोजचं दुखणं ते हेच का?”

“हेच! आणि कानातही गेलं.”

निदान इथेच झालं. दुखणं स्नायूचं, जाणवतं कानात. “मग मनाचं म्हणायचं का?” नाही बाई, स्नायू खरोखरच दुखतोय. पेपर तपासताना दात आवळलेले असतात, हे त्यांच्या मुलीने सांगितलं. एरवी दात टेकतात ते खाताना, गिळताना. बाकी वेळ सुटेच हवेत.

‘कट्’ म्हणजे बहुतेकदा जबड्याच्या सांध्यातली चकती पुढे सरकलेली असते, तोंड उघडताना ती जागेवर येते. दुखत नसेल, अडकत नसेल, तर उपचार नको. आवाज अचानक थांबून तोंडच कमी उघडू लागलं, तर मात्र लगेच दाखवावं.

चेहरा धुताना विजेसारखी क्षणिक कळ येते ती नसेची. पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखणं, चावताना जबडा भरून येणं, दिसायला अंधूक होणं: त्याच दिवशी डॉक्टर. चढ चढताना जबडा दुखला तर आधी हृदय तपासायचं. गुटखा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडत असेल, गालाला बधिरपणा किंवा सूज असेल, तर गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात जावं.

बाईंच्या लाल पेनवर चिकटपट्टी लावली: ‘ओठ मिटलेले, दात सुटे’. दिवसातून दोनदा 15 मिनिटं ओला शेक. कडक उंडे (गोव्याचे गोल पाव) काही आठवडे पातळ भाजीत भिजवूनच. दात यंत्राने झिजवून चावा बदलायचा सल्ला कुणी दिला तर थांबा; झिजवलेला दात परत येत नाही.

सहा आठवड्यांनी ठणका जवळजवळ गेला. ‘कट्’ अजून वाजतो, पण त्याची धास्ती उरलेली नाही.