उताराच्या रानात तालीला वाळा लावताना

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शाहूवाडीकडं तांबड्या मातीचं उताराचं रान, दर जुलैत ताल (उतारावर माती-पाणी अडवणारा बांध) फुटते, म्हणून गेल्या पावसाळ्यात तालीच्या माथ्यावर हात-हातभर अंतरानं वाळा (सुवासिक मुळांचं खस गवत) लावला. उन्हाळ्यात निम्मा वाळला, यंदा ताल पुन्हा तिथंच फुटली. आणि खालच्या उसात तो पसरेल का, ही धास्ती वेगळीच.

आधी अंतर. हातभर अंतरावर बेटं दिसायला झकास होतात, पण पाणी दोन बेटांमधल्या फटीत एकवटतं आणि तिथली माती उलट जास्त कातरतं. ओळ सलग असली तर पाणी तिच्यामागं थबकतं, गाळ तिथंच बसतो आणि पाणी सगळ्या लांबीनं हळूहळू पलीकडं उतरतं. त्यासाठी दोन ठोंबांत (बेटातून मुळासकट सोडवलेल्या फुटव्यांच्या जुडग्यांत) 10 ते 15 सेंमी, वीतभरसुद्धा नाही. 30 मीटर तालीला 10 सेंमीनं 300 ठोंब लागतात, 15 सेंमीनं 200. ठोंब कमी असतील तर अंतर वाढवू नका, ओळ आखूड करा. ताल फुटते त्या जागी मागं फूटभर सोडून दुसरी ओळ घ्या, पहिल्या ओळीच्या फटींसमोर तिचे ठोंब येतील अशी.

दुसरं, माथ्यावर लावायचं नाही. तांबड्या मातीचा माथा फेब्रुवारीतच कोरडा पडतो, शिवाय त्यावरून माणसं-जनावरं चालतात. वरच्या अंगाला, पाणी येऊन टेकतं तिथं, तालीच्या पायथ्याशी लावा; ओल तिथं जास्त दिवस टिकते. ओळ समपातळीत हवी. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली लेव्हल पाइप घेऊन दर तीन-चार मीटरवर खुंटी मारा आणि खुंट्यांवरून सरी ओढा. डोळ्याच्या अंदाजानं आखलेली ओळ हमखास एकीकडं कलते आणि सगळं पाणी त्या टोकाला धावतं. सांडवा (जादा पाणी बाहेर काढायची वाट) असेल तर तो मोकळाच ठेवा, फक्त त्याच्या दोन्ही कडा वाळ्यानं बांधून घ्या.

ठोंब काढताना लोक बेट ओढून काढतात आणि मुळं आणि फुटवे जुळतात तो जोडच तुटतो. कुदळीनं अख्खं बेट उचला, माती झटका आणि कोयत्यानं दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब करा. बाहेरच्या अंगाचे कोवळे फुटवे घ्या; मधले जून, तुरा येऊन गेलेले दांडे फुटत नाहीत, ते आच्छादनाला टाका. पाला 15 ते 20 सेंमी ठेवून छाटायचा, मुळं 8 ते 10 सेंमी. लांब पाला तसाच ठेवला तर तो पाणी उडवत राहतो आणि मुळं धरायच्या आत ठोंब सुकतो. काढल्यावर मुळं शेणकाल्यात (शेण-पाण्याच्या काल्यात) बुडवा, ओल्या गोणपाटात सावलीला ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी लावा.

सरी 15 सेंमी खोल, तळाला कुजलेलं शेणखत आणि चिमूटभर डीएपी मातीत मिसळून. जोड जमिनीच्या पातळीला येईल असा ठोंब बसवून टाचेनं घट्ट दाबा. बोटांनी ओढल्यावर सहज निघाला तर तो नीट दाबलेला नाही.

आपल्याकडं वेळ फार आखूड मिळतो. उघड्या मुळांचे ठोंब मृगाचा पाऊस जमला की लगेच जूनमध्येच लावा. जुलैची झड सुरू झाल्यावर लावलेले ठोंब मातीसकट वाहतात किंवा गाळाखाली गाडले जातात. त्याहून बरं म्हणजे मार्चमध्ये पिशव्यांत भरून झारीनं पाणी घालत ठेवायचं आणि जूनमध्ये फुटलेली रोपं लावायची. खर्च वाढतो, पण तुमच्यासारख्या दरवर्षी फुटणाऱ्या जागेला पिशवीतलंच रोप घ्या.

महिनाभरानं, उघडीप मिळाली की नांग्या भरा, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या जागी नवे लावा. हे काम लोक पुढच्या वर्षावर ढकलतात आणि तिथंच सगळं बिघडतं, कारण एक मेलेला ठोंब म्हणजे पाण्याला आयती वाट. पहिल्या वर्षी हरळी आणि काँग्रेस गवत दोनदा तरी भांगलून काढा, पावसाळा संपल्यावर जमेल तेव्हा पाणी द्या आणि म्हशी-शेळ्या लांब ठेवा. मुळं धरल्यावर चरण्यानं त्याचं फारसं बिघडत नाही. आधी मात्र जनावर पाल्यासकट ठोंबच उपसतं. मुळं खोल मातीत दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, खाली जांभ्याचा थर असेल तर तेवढी नाही.

पाला कमरेएवढा झाला की 30 ते 40 सेंमी ठेवून कापा. कापल्यावर फुटवे वाढतात आणि फटी लवकर बुजतात. कोवळा पाला वैरणीत चालतो, जून पाला म्हशी टाकून देतात. तो उसाच्या सरीत आच्छादन म्हणून उत्तम. वैरणच हवी असेल तर तालीच्या खालच्या उतारावर मारवेल लावा, तेही बहुवर्षायू आणि इथलंच.

उसात पसरण्याची भीती सोडा. आपल्याकडं लागवडीत असलेला दक्षिणी वाळा सहसा रुजणारं बी धरत नाही आणि हरळीसारखे धावते कोंबही सोडत नाही. मात्र रानातून आणलेल्या, बी टाकणाऱ्या वाळ्याचे ठोंब घेऊ नका. खरा धोका उलट्या बाजूनं आहे: उसाची सावली. वाळ्याला सावली सोसत नाही, कोवळेपणी तर मुळीच नाही. म्हणून उसाची शेवटची सरी ओळीपासून निदान चार-पाच फूट लांब ठेवा. बांधावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, तो फवारा वाळ्यालाही लागतो. पाचट पेटवलं तर जुनी बेटं पुन्हा फुटतात, पहिल्या वर्षाची जातात.

मुळं विकायचा विचार असेल तर त्यासाठी वेगळा वाफा करा. दीड वर्षानं मुळं काढायची म्हणजे ओळ मुळासकट खणावी लागते, आणि तालीची खणली तर पुढच्या पावसात ताल गेलीच समजा.