सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) कुठे टाकायची?

अरे, आधी पेशंटकडे बघ, मग किटला हात लाव. सबक्लेव्हियनला, म्हणजे कॉलरबोनखालच्या शिरेला, इन्फेक्शन आणि रक्ताच्या गाठी कमी, हे 2015 च्या फ्रेंच अभ्यासात दिसलं. पण न्यूमोथोरॅक्सही (फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरणं) तिथेच जास्त. आपल्या नागपुरात पावसाळा सरता सरता स्क्रब टायफसचे (बारीक किड्याच्या चाव्याने होणारा ताप) पेशंट येतात. प्लेटलेट घसरलेल्या, फुप्फुसं भरलेली, व्हेंटिलेटरवर पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) चढवलेला. अशाच्या कॉलरबोनखाली सुई घालू नको बाप्पा. रक्त लागलं तर दाबायला जागाच नाही. मानेतली उजवी जुगुलर शीर घे, सोनोग्राफीवर. प्रोब हलकाच टेकव. जोरात दाबलास तर व्हेन चपटी होऊन गायब होते आणि ठोके देणारी कॅरोटिड धमनी तेवढी दिसत राहते. डायलेटर (वाट रुंद करणारी नळी) घालण्याआधी सुईतून सरकवलेली वायर व्हेनमध्येच आहे हे स्क्रीनवर बघून घे.

धापेमुळे आडवं होताच येत नसेल तर फेमोरल, म्हणजे जांघेतल्या शिरेत, टाक, कोणी काही म्हणो. डायपरजवळची जागा, ड्रेसिंग भिजतं, म्हणून गरज संपताच काढ. किडनीच्या पेशंटला सबक्लेव्हियन शक्यतो नकोच. व्हेन आकसली तर त्या हाताचा डायलिसिससाठीचा फिस्टुला (धमनी-शिरेची जोडणी) गेला. आणि मे महिन्यात घामाने ड्रेसिंगची कड सुटते, ती राउंडला स्वतः बघ, सिस्टरवर सोडू नको.