अळणी भाजी एकट्या सासऱ्यांनाच का?

प्रश्न : सासऱ्यांचा रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. त्यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी केली, तर ते अर्धपोटी उठतात. साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले तर चालेल का?
(एक वाचक, सातारा)

उत्तर : सैंधवाने प्रश्न सुटणार नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते आणि पुष्कळदा त्यात आयोडीन मिसळलेले नसते. एकट्या सासऱ्यांना अळणी वाढण्यापेक्षा साऱ्या घराचेच मीठ हळूहळू उतरवावे, असे मी आग्रहाने सांगेन. ब्रिटनमध्ये सरकारच्या पाठपुराव्याने पावातले मीठ टप्प्याटप्प्याने कमी होत गेले. २००१ ते २०११ या काळात ते सुमारे २० टक्क्यांनी घटले, तरी लोकांनी पाव खाणे सोडले नाही, कारण बदल सावकाश झाला की जीभही त्याच्याबरोबर बदलते. तिथे बहुतेक मीठ कारखान्यातल्या पदार्थांतून येते. आपल्याकडे ते बव्हंशी आपल्याच हाताने पडते, आणि म्हणूनच ते कमी करणेही आपल्या हातात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. या हिशेबाने चार माणसांच्या घरात एक किलोची पुडी निदान ५० दिवस पुरायला हवी. तुमच्याकडे ती किती दिवस पुरते, हे एकदा तारीख घालून पाहा. लोणचे, पापड आणि फरसाण यांतले मीठ या पुडीबाहेरचे असते. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतूनही सोडियम पोटात जाते. कणकेत मीठ घालणे बंद करून आणि ताटात मीठ वाढण्याची रीत मोडून सुरुवात करावी. आमटी-भाजीला लिंबू, कोकम, आले-लसूण यांनी चव राखता येते.

पोटॅशियमयुक्त, कमी सोडियमचे मीठही बाजारात मिळते. चीनमधील ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १४ टक्क्यांनी कमी आढळले. परंतु मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. त्यामुळे सासऱ्यांसाठी ते आणण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे, आणि मीठ कमी केले म्हणून त्यांची गोळी परस्पर बंद करू नये.