शेत नाही, तर सिंगापूर खातं काय?

प्रश्न: ताई, लेकीकडे सिंगापूरला महिनाभर राहून आलो. दुकानात पालेभाजी मलेशियाची, कांदा भारताचा, चिकन ब्राझीलचं. यांचं स्वतःचं काय पिकतं? उद्या जहाजं आलीच नाहीत तर?

उत्तर: काका, लेबलं वाचत फिरलात म्हणजे अर्धं उत्तर तुम्ही तिथेच वाचलंत. 90 टक्क्यांहून जास्त खाणं बाहेरून येतं, शेतीला जमीन जेमतेम 1 टक्का, त्यामुळे एकाच दुकानदारावर विसंबायचं नाही हे त्यांनी पक्कं ठरवलंय, 170 हून जास्त देश-प्रदेशांतून माल घेतात. तरी दणका बसतोच. 1 जून 2022 ला मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली, आणि सिंगापूरचं एक तृतीयांश चिकन तिकडूनच यायचं, तेही बहुतेक जिवंत, लॉरीत पिंजरे रचून, सिंगापुरात कापून मग बाजारात. चिकन राइस, म्हणजे तिथला लाडका कोंबडी-भात, विकणारे हवालदिल, कारण त्यांना ताजीच कोंबडी लागते. फ्रोझन होतं की, उपाशी कुणी राहणार नव्हतं, पण चव गेली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरणारच. महिनाअखेरीस इंडोनेशियाच्या चिकनला परवानगी देऊन टाकली.

तांदळाला मात्र नियम आहे, आयातदाराने महिन्याच्या आयातीच्या दुप्पट साठा ठेवायचाच. 2023 मध्ये आपण बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली तेव्हा ऑगस्टअखेर सिंगापूरला खास सूटही मिळाली, संबंध जपलेले असतात ते असे कामाला येतात.

आता शेती. 2030 पर्यंत 30 टक्के गरज घरीच भागवू असं 2019 ला जाहीर केलं, मग बंद खोलीत मजल्यावर मजले, एलईडीखाली भाजी. पण तिथली वीज जवळपास सगळी आयात केलेल्या गॅसवर, म्हणजे गॅस बाहेरून आणून घरात पाला पिकवायचा, आणि गिऱ्हाईक शेजारची स्वस्त मलेशियन जुडी उचलतं! बऱ्याच शेतांना कुलूप लागलं. 2024 ला एकूण खपात स्थानिक भाजी फक्त 3 टक्के, अंडी मात्र 34. शेवटी 2025 च्या नोव्हेंबरात ते उद्दिष्ट सोडून 2035 पर्यंत खपातले तंतुमय पदार्थ (भाज्या, अळंबी वगैरे) 20 टक्के आणि प्रथिनं (अंडी, मासळी) 30 टक्के घरचे, असं नवं ठेवलं. मला तरी हे जास्त शहाणपणाचं वाटतं.

जहाजं सगळीच थांबली तर अवघड आहे काका, अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा खुराकही बाहेरूनच येतो. साठा आहे तोवर दुसरा विक्रेता शोधायचा, एवढीच सवड मिळते. लेकीला म्हणावं, घरात थोडं सुकं धान्य असू दे आणि फ्रोझनला नाक मुरडू नकोस.