मृत्युपत्रात नाव नाही, म्हणून पोटगीही नाही?

प्रश्न : माझे पती 2019 मध्ये वारले. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या; नणंद नाही. मी, 17 वर्षांची मुलगी आणि 14 वर्षांचा मुलगा सासऱ्यांजवळच राहत होतो. सासरे गेल्या वर्षी वारले. त्यांनी नोंदणीकृत मृत्युपत्राने राहते घर, बाजारपेठेतील गाळा आणि 3 एकर शेती धाकट्या दिरांच्या नावे केली असून त्यात आमचा उल्लेखही नाही. मी एका दवाखान्यात महिना 11,000 रुपयांवर काम करते. पतीच्या विम्याचे पैसे त्यांच्या आजारपणाचे कर्ज फेडण्यात संपले. भावोजी आता हक्कसोडपत्रावर सही मागत आहेत आणि गाळ्याला गिऱ्हाईकही आले आहे. मला काहीच मागता येणार नाही का?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : हक्कसोडपत्रावर सही करू नका. मृत्युपत्राने सर्व काही भावोजींना मिळाले असेल, तर तुमच्या सहीची गरज त्यांना का भासावी, हा प्रश्न तुम्ही स्वतःला एकदा विचारून पाहा.

स्वकष्टार्जित मिळकत कोणाला द्यायची हे ठरविण्याचा अधिकार सासऱ्यांना होता. मृत्युपत्र केले नसते, तर आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुले म्हणून तुम्हा तिघांना पहिल्या वर्गातील वारस या नात्याने वाटा मिळाला असता. मृत्युपत्रामुळे तो गेला. मात्र वाटा जाणे आणि पोटगीचा हक्क जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, 1956 याच्या कलम 21 मध्ये मृत व्यक्तीच्या ‘आश्रितां’ची यादी आहे आणि तीत मुलाची विधवा, आधी वारलेल्या मुलाचा अज्ञान (18 वर्षांखालील) मुलगा व अविवाहित मुलगी यांचा समावेश आहे. ज्या आश्रिताला वारसाने किंवा मृत्युपत्राने काहीच मिळाले नाही, त्याची पोटगी मिळकत घेणाऱ्याने द्यावी, असे कलम 22 सांगते. येथे सगळी मिळकत भावोजींकडे गेल्याने ही जबाबदारीही त्यांच्या एकट्यावर येते. ती त्या मिळकतीतून भागवायची आहे, त्यांच्या पगारातून नव्हे. हे त्यांनाही समजावून सांगितले, तर कदाचित बोलणी सोपी होतील.

तुमचा हक्क पुनर्विवाह न करण्याच्या आणि पतीच्या मिळकतीतून किंवा मुलांकडून निर्वाह होत नसण्याच्या मर्यादेत आहे. मुलांचे हक्क त्यांचे स्वतःचे आहेत : मुलाचा तो सज्ञान होईपर्यंत, मुलीचा तिचे लग्न होईपर्यंत, आणि तोही आईवडिलांच्या मिळकतीतून भागत नसेल तेवढ्यापुरता. म्हणून दाव्यात तिघांची मागणी स्वतंत्रपणे मांडा. पोटगीत अन्नवस्त्राबरोबर निवारा, शिक्षण व औषधपाणी येते, आणि अविवाहित मुलीच्या बाबतीत लग्नाचा वाजवी खर्चही येतो. रक्कम ठरविताना न्यायालय कर्जे वजा जाता उरलेल्या मिळकतीची किंमत, तुमचे उत्पन्न, वाजवी गरजा आणि सासऱ्यांशी असलेले तुमचे पूर्वीचे संबंध पाहते. तुम्ही त्यांच्याजवळ राहत होता. त्यांच्या दुखण्याखुपण्यात तुम्ही केलेल्या खर्चाच्या पावत्या असतील, तर त्या जपून ठेवा. तुमचा 11,000 रुपयांचा पगार मात्र लपवू नका. पगार असल्याने हक्क बुडत नाही, रक्कम कमी होऊ शकते.

शेतीचा विचार वेगळा करावा लागेल. ती सासऱ्यांनी विकत घेतली होती की वडिलांकडून आली होती? वडिलांकडून आली असेल, तर आजेसासरे 17 जून 1956 पूर्वी वारले की नंतर, हे जुन्या फेरफार नोंदींवरून शोधा. त्यापूर्वी आलेली शेती साधारणपणे वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची ठरते. तसे असेल, तर 2019 मध्ये तुमचे पती वारले तेव्हा कायद्याने वाटप झाल्याचे मानले जाऊन तिसरा हिस्सा तुमच्या घराकडे आला आणि सासऱ्यांना तो मृत्युपत्राने कोणालाही देता येणार नव्हता. आजेसासऱ्यांची स्वतःची मिळकत त्या तारखेनंतर वारसाने आली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या चंदर सेन प्रकरणातील 1986 च्या निकालानुसार ती सासऱ्यांची वैयक्तिक मिळकत ठरण्याचा संभव अधिक आहे.

खरी घाई गाळ्याची आहे. पोटगी हा मिळकतीवरचा बोजा आपोआप होत नाही. त्यासाठी मृत्युपत्रात तशी तरतूद, न्यायालयाचा हुकूमनामा किंवा करार लागतो. ज्याला तुमच्या हक्काची कल्पना नव्हती आणि ज्याने मोबदला देऊन गाळा घेतला, त्याच्याविरुद्ध हा हक्क याच पोटगी कायद्याच्या कलम 28 नुसार बजावता येत नाही. तेव्हा वकिलामार्फत भावोजींना आणि गिऱ्हाईक माहीत असेल तर त्यालाही लेखी नोटीस द्या, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर सूचना द्या आणि दाव्यासोबतच अंतरिम पोटगी व विक्रीस मनाई यांचे अर्ज करा. शेतीच्या फेरफारावर हरकतही लगेच नोंदवा.

काही जण तुम्हाला फौजदारी पोटगीचा झटपट मार्ग सुचवतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 पत्नी, मुले आणि आईवडील यांच्यासाठी आहे. सुनेला दिरांविरुद्ध त्याचा उपयोग नाही. खर्चाची भीती बाळगू नका. महाराष्ट्रात स्त्रियांना पोटगीच्या दाव्यांत 1994 पासून न्यायालयीन शुल्क माफ आहे, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. तेथे जाताना मृत्युपत्राची प्रत, सातबारा, जुने फेरफार, दोन्ही मृत्यूंचे दाखले आणि मुलांच्या शाळेच्या पावत्या सोबत न्या.